वाचकांचे प्रश्न : लिव्हरची नवी रायफल आणि घरी भरलेली काडतुसे

या वेळच्या टपालातील पाच पत्रे जवळजवळ एकाच विषयावरची निघाली, म्हणून ती एकत्र घेतली आहेत. पहिल्या पत्राला जागा जास्त दिली आहे, कारण त्या वाचकाच्या हातून शनिवारी होऊ शकणारी चूक अनेकांकडून होते.

प्रश्न : पंचवीस वर्षांपासून कोलोराडोत राहतो, आता नागरिक आहे. हरणाच्या शिकारीसाठी मार्लिन ३३६ ही थर्टी-थर्टी (.३०-३०) काडतुसाची लिव्हर-अ‍ॅक्शन, म्हणजे चापाजवळचा दांडा ओढून पुढचे काडतूस आणणारी, रायफल नवी कोरी घेतली आहे. तिच्यातून अजून एकही गोळी झाडलेली नाही. शेजारचे एक गृहस्थ घरीच काडतुसे भरतात. त्यांची थर्टी-थर्टी एकेका काडतुसाची, मोडून भरायची आहे. त्यांनी प्रेमाने मला साठ काडतुसे दिली असून गोळ्या छान टोकदार आहेत. ती शनिवारी रेंजवर नेऊन रायफल तपासू का? पुढे मला स्वतःलाही काडतुसे भरायला शिकायचे आहे.

उत्तर : ती साठ काडतुसे नेऊ नका. शेजाऱ्यांना ती आभार मानून परत करा आणि कारणही सांगा, म्हणजे ते दुसऱ्या कोणाला देणार नाहीत.

तुमच्या रायफलीत काडतुसे बॅरलखालच्या नळकांड्यात एकापुढे एक, रांगेत झोपलेली असतात. प्रत्येक गोळीचे टोक पुढच्या काडतुसाच्या बुडाला, म्हणजे नेमके प्रायमरच्या (टोला बसताच दारू पेटवणाऱ्या टिकलीच्या) मध्याला टेकलेले असते आणि नळकांड्याच्या पुढच्या टोकाकडून स्प्रिंग ती रांग मागे दाबून धरत असते. बंदुकीचा धक्का बसला की सगळी रांग एकमेकांवर आपटते. टोक अणकुचीदार असेल तर ते घोड्यापुढच्या सुईचे काम करू शकते, आणि मग तुमचा डावा हात ज्या नळकांड्याला धरून आहे त्याच्यातच काडतूस फुटते. म्हणून थर्टी-थर्टीच्या गोळ्या पहिल्यापासून चपट्या किंवा बोथट नाकाच्या आहेत. १८६० च्या हेन्री रायफलीतही असेच नळकांडे होते, पण तिच्या काडतुसाची पेटणारी दारू बुडाच्या कडेत भरलेली असे, मध्ये टोचून काही होत नसे. लिव्हरच्या रायफलींत मध्यभागी प्रायमर असलेली काडतुसे १८७३ च्या विंचेस्टरबरोबर आली, तेव्हा गोळीचे नाकही चपटे ठेवावे लागले. अलीकडे हॉर्नडी कंपनीने रबरासारख्या लवचीक टोकाची गोळी काढली. ती टोकदार दिसते खरी, पण टोक दबते, आणि ती मुद्दाम नळकांड्यासाठीच बनवलेली आहे. शेजाऱ्यांची गोळी तशी नाही. त्यांच्या एकनळीत पुढेमागे दुसरे काडतूसच नसल्याने त्यांचे काहीही चुकलेले नाही. त्यांचे काडतूस तुमच्या बंदुकीसाठी नाही, एवढेच.

आता तुम्ही म्हणाल, एकेक करून थेट चेंबरमध्ये, म्हणजे बॅरलच्या मागच्या टोकाला काडतूस बसते त्या घरात, घातली तर? जुने शिकारी एक चेंबरमध्ये आणि एकच नळकांड्यात ठेवून टोकदार गोळ्या वापरतात, हेही खरे आहे. तरीही माझे उत्तर तेच राहील. भरलेले काडतूस हे शिवलेल्या कपड्यासारखे असते, ते ज्याच्या मापावर शिवले त्याच्याच अंगाला बसते. एकदा झाडलेली पुंगळी, म्हणजे काडतुसाचे धातूचे आवरण, त्या त्या बंदुकीच्या चेंबरचा आकार घेते, आणि एकनळीवाले बरेच लोक पुन्हा भरताना तिची फक्त मान दाबून घेतात, बाकी अंग तसेच ठेवतात. ती तुमच्या चेंबरमध्ये अर्ध्यावर अडकेल आणि लिव्हरला तिला आत रेटायला बोल्ट-अ‍ॅक्शनइतका (खिटीसारखा बोल्ट हाताने ढकलून बंद करायच्या रायफलीइतका) जोर नसतो. शिवाय दारू किती घातली, कोणती घातली, हे तुम्ही तोललेले नाही. दुसऱ्याने भरलेले काडतूस झाडायचे नाही, हा नियम माणसावरच्या अविश्वासातून आलेला नाही. वहीतली नोंद आपली नसते म्हणून आलेला आहे.

आणि मूळ मुद्दा असा की नवी रायफल आणि नवे काडतूस या दोन अनोळखी गोष्टी एकाच दिवशी एकमेकींवर तपासता येत नाहीत. गोळ्या विखुरल्या तर दोष बॅरलचा की दारूचा? पुंगळी अडकली तर चेंबर खडबडीत आहे की पुंगळी नीट दाबली गेली नाही? काहीच कळणार नाही. म्हणून पहिल्या दिवशी कारखान्यात भरलेली, १५० किंवा १७० ग्रेन वजनाच्या गोळीची दोन खोकी घ्या आणि त्यांच्या रिकाम्या पुंगळ्या नीट जपून घरी आणा. त्या तुमच्याच चेंबरमध्ये एकदा झाडलेल्या असल्याने तुमच्या पहिल्या भरणीसाठी त्यांच्याहून चांगला माल विकत मिळणार नाही.

घरून निघण्यापूर्वी रायफल रिकामी असल्याची डोळ्यांनी आणि बोटाने खात्री करून बॅरलमधून उजेड पाहा. कारखान्यातून येताना आत गंज न चढण्यासाठी तेल असते, ते कोरड्या चिंधीने पुसून काढा. रेंजवर पहिले काडतूस एकटेच भरा आणि झाडा. दुसरे आणि तिसरे तसेच. पुंगळी मोकळेपणाने बाहेर पडते का, तिच्या अंगावर ओरखडे आहेत का, प्रायमरवरचा ठसा मध्यभागी आहे का, हे पाहून मगच नळकांड्यात दोन, मग चार भरा. लिव्हर हलक्या हाताने, भीत भीत ओढू नका. अर्धवट ओढलेली लिव्हर हे अडकण्याचे सगळ्यात मोठे कारण असते आणि दोष मात्र बंदुकीला दिला जातो. चाप ओढल्यावर काडतूस उडाले नाही तर नळीचे तोंड लक्ष्याकडेच ठेवून निदान तीस सेकंद थांबावे. आवाज नेहमीपेक्षा फुसका आला तर पुढचे काडतूस भरूच नये, कारण गोळी बॅरलमध्येच अडकलेली असू शकते.

नेम लावताना पहिले कागदी लक्ष्य २५ यार्डांवर लावा. मेजावर टेकवताना वाळूची पिशवी लाकडी मुठीखाली, चेंबरच्या बाजूला ठेवा, बॅरलखाली नको. नळकांडे आणि पट्ट्या बॅरललाच जखडलेल्या असल्याने त्यावर दाब पडला की नेम हलतो. १०० यार्डांवर गोळ्या चार इंच खाली लागत असतील तर नेम धरायची मागची खाच किती उचलायची, याचे गणित सोपे आहे. पुढची माशी आणि मागची खाच यांत १८ इंच अंतर आहे असे धरा. १०० यार्ड म्हणजे ३६०० इंच. चार गुणिले अठरा भागिले ३६०० केले की उत्तर ०.०२ इंच, म्हणजे अर्धा मिलिमीटर येते. मागची खाच ज्या दिशेला हलवाल त्याच दिशेला गोळी सरकते, माशीचे मात्र उलट असते. पाच गोळ्या झाडून बॅरल हाताला सोसेल इतके गार होऊ द्या. १०० यार्डांवर पाच गोळ्या अडीच-तीन इंचांत बसल्या तर समाधानाने घरी जा. बोल्ट-अ‍ॅक्शनवाल्यांचे कागद बघून उगाच खंत करू नये.

आता भरणीकडे येतो. दारूचे माप मी इथे देणार नाही आणि कोणत्याही मासिकातून तुम्ही ते घेऊही नये. दारू किंवा गोळी बनवणाऱ्या कंपनीचे चालू आवृत्तीचे पुस्तक घ्या, तुमच्या हातात जी गोळी आणि जी दारू आहे तिचेच पान उघडा आणि खालच्या मापापासून सुरुवात करा. सगळे वजन ग्रेनमध्ये असते. आपल्या वाचकांना ते परके वाटायचे कारण नाही, कारण इंग्रजांनी १८३३ मध्ये हिंदुस्थानातला तोळा १८० ग्रेनचा ठरवला होता. म्हणजे तुमची १७० ग्रेनची गोळी तोळ्याला दहा ग्रेन कमी, आणि एक ग्रेन म्हणजे सोनाराच्या गुंजेचा साधारण निम्मा. दारू तोलताना सोनाराइतकेच चिकट राहावे लागते. मेजावर एका वेळी दारूचा एकच डबा असावा. थर्टी-थर्टीत नेहमीच्या रायफलच्या दारूने पुंगळी बरीच भरते, त्यामुळे चुकून दुप्पट माप ओतले तर ती ओसंडते आणि चूक दिसते. तरीही गोळी बसवण्याआधी सगळ्या पुंगळ्या फळीवर उभ्या करून विजेरीने प्रत्येकीत एकदा डोकावावे.

लिव्हरच्या रायफलीचे भरणीतले खरे लक्षण पुंगळीच्या तोंडाशी आहे. गोळीच्या कमरेवर बारीक खाचांची एक पट्टी असते. पुंगळीचे तोंड त्या पट्टीत आवळून बसवावे लागते, त्यालाच क्रिम्प म्हणतात. मी पहिल्यांदा थर्टी-थर्टी भरली तेव्हा क्रिम्प न करताच रेंजवर गेलो, कारण बोल्ट-अ‍ॅक्शनसाठी भरताना त्याची कधी गरज पडली नव्हती. पाच भरली, दोन झाडली आणि उरलेली तीन बाहेर काढून सहज कॅलिपर लावला. घरून निघताना प्रत्येक काडतूस २.५५ इंच लांब होते, आता एक २.५१ भरले आणि दुसऱ्यातली गोळी बोटाने फिरत होती. स्प्रिंगच्या आणि धक्क्याच्या दाबाने गोळी आत सरकली होती. गोळी आत गेली की दारूची जागा कमी होते आणि दाब वाढतो. उलट ती बाहेर सरकली तर काडतूस वर उचलणाऱ्या पाळण्यातच अडकते. ती तीनही काडतुसे मी घरी गोळी उपटायच्या हातोडीसारख्या साधनाने उकलली. क्रिम्प सगळ्यांचा सारखा यायचा तर पुंगळ्या आधी सारख्या लांबीच्या हव्यात. थर्टी-थर्टीची पुंगळी २.०३९ इंचांपेक्षा लांब चालत नाही, कापताना ती २.०२९ ला कापतात. लांब राहिलेली पुंगळी जास्त आवळली जाते, तिचा खांदा (मानेखालचा उतार) बारीकसा फुगतो आणि ती चेंबरमध्ये जात नाही. नेमके दहातले एकच काडतूस का अडकते, या कोड्याचे उत्तर बहुतेक वेळा हेच असते. प्रायमरही पुंगळीच्या बुडाच्या पातळीपेक्षा केसभर खालीच हवा. प्रत्येक बुडावरून बोट फिरवा, वर राहिलेला प्रायमर लगेच जाणवतो. का, ते नळकांड्याच्या वर्णनावरून लक्षात आलेच असेल.

दुसरे लक्षण बुडाच्या काठाशी आहे. थर्टी-थर्टीचे काडतूस चेंबरमध्ये खांद्यावर टेकत नाही, बुडाच्या काठावर अडकून थांबते. त्यामुळे खांदा आणि चेंबर यांत मोकळी जागा राहते आणि झाडताना पुंगळी त्या जागेत ताणली जाते. त्यातून या रायफलीचा बोल्ट मागच्या बाजूला अडकवलेला असल्याने सगळी रचना किंचित स्प्रिंगसारखी दबते. पुन्हा भरताना डाय (पुंगळी दाबून मापात आणणारा साचा) पूर्ण खाली उतरवून खांदा दर वेळी मागे ढकलत राहिलात तर चार-पाच फेऱ्यांत पुंगळी बुडाच्या थोडी वर आतून झिजते आणि एके दिवशी तिथेच दोन तुकडे होतात. डाय फक्त इतकीच उतरवा की पुंगळी तुमच्या चेंबरमध्ये लिव्हरच्या सहज ओढीने बसेल. हे शोधण्यासाठी एका झाडलेल्या पुंगळीला मार्करने काळे करून, डाय पाव-पाव फेरा खाली घेत प्रत्येक वेळी चेंबरमध्ये घालून पाहतात. झीज तपासायला कागदाला लावायची साधी तारेची क्लिप सरळ करा, टोकाला मिलिमीटरभर काटकोनात वाकवा आणि पुंगळीच्या आत बुडापासून वर हळूच ओढा. बुडाच्या जरा वर टोक खळीत अडकल्यासारखे वाटले, तर ती पुंगळी पक्कडीने चेपून भंगारात टाका. हे तपासायचे सगळ्यात भरवशाचे यंत्र माझ्या मेजावर आजही तेच आहे.

एक गैरसमजही दूर करतो. प्रायमर चपटा झालेला नाही म्हणजे दाब ठीक आहे, असे सर्रास सांगितले जाते. थर्टी-थर्टीची मर्यादा चौरस इंचाला ४२,००० पौंड आहे, आणि रायफलचे प्रायमर ६०,००० च्या वरही टिकणारे असतात. म्हणजे प्रायमरवर खूण उमटेपर्यंत तुमची रायफल मर्यादेच्या बरीच पुढे गेलेली असते. लिव्हर उघडायला जोर लागला तर तेव्हाही उशीरच झालेला असतो. त्यापेक्षा वेगमापक यंत्र लावा. १७० ग्रेनच्या कारखानी काडतुसाचा छापील वेग सेकंदाला २२०० फूट असतो, पण तो २४ इंचांच्या बॅरलमधला. तुमच्या २० इंचीतून तो कमी भरणार. पुस्तकातल्यापेक्षा जास्त वेग दिसला, तर आनंद मानू नका, माप खाली आणा.

प्रश्न : टेक्सासमध्ये मी नवी .४५-७० ची लिव्हर रायफल घेतली. भरणीच्या पुस्तकात या एकाच काडतुसाचे तीन वेगवेगळे तक्ते आहेत आणि मापांत खूप फरक आहे. छापताना चूक झाली असेल का?

उत्तर : चूक नाही. हे काडतूस १८७३ मध्ये अमेरिकी सैन्याच्या ट्रॅपडोअर रायफलीसाठी काळ्या दारूवर निघाले. त्या जुन्या बंदुका आजही लोकांच्या घरी आहेत, म्हणून कारखानी काडतुसांचा प्रमाणित दाब २८,००० पौंडांवरच ठेवला आहे. दुसरा तक्ता मार्लिन १८९५ सारख्या आधुनिक लिव्हर रायफलींचा आणि तिसरा रुगर क्रमांक १ सारख्या भक्कम एकनळींचा. तुमचा तक्ता दुसरा. पण सुरुवात पहिल्याने करा, खांदाही दुवा देईल. खोक्यावर कोणत्या तक्त्याप्रमाणे भरले ते ठळक अक्षरांत लिहा, कारण तुमच्या पश्चात ते खोके कोणी आजोबांच्या ट्रॅपडोअरमध्ये घालू शकतो.

प्रश्न : मी न्यू जर्सीत एच-१बी व्हिसावर आहे. मित्र नागरिक आहे, त्याने नवी लिव्हर रायफल घेतली आहे. रेंजवर त्याच्यासोबत जाऊन चार-पाच काडतुसे झाडून पाहिली तर चालेल ना? बंदूक तर त्याची आहे.

उत्तर : बंदूक त्याची असली तरी हातात घेतल्यावर ताबा तुमचा होतो. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याप्रमाणे बिगर-स्थलांतरित व्हिसावर असलेल्या व्यक्तीला बंदूक किंवा काडतूस जवळ बाळगण्यास मनाई आहे. त्याला काही अपवाद आहेत, त्यांतला नेहमीचा म्हणजे एखाद्या राज्याचा वैध शिकार परवाना. ग्रीन कार्डधारकांना ही मनाई लागू नाही, मात्र प्रत्येक राज्याचे नियम वेगळे, आणि न्यू जर्सीचे विशेष कडक आहेत. त्यामुळे वकिलाला विचारल्याशिवाय मित्राची रायफलच नव्हे, त्याचा काडतुसांचा डबाही उचलू नका. इथे पणाला लागतो तो व्हिसा.

प्रश्न : माझा मुलगा अमेरिकेत स्वतःच काडतुसे भरतो. दिवाळीला पुण्यात येताना आठवण म्हणून दोन-तीन पुंगळ्या आणतो म्हणाला. आणि इथे परवानाधारकाला काडतुसे घरी भरता येतात का?

उत्तर : दुसऱ्या भागाचे उत्तर आधी देतो. अमेरिकेत स्वतःच्या वापरापुरती काडतुसे भरायला केंद्रीय परवाना लागत नाही. विकायची असतील तर लागतो. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्याचे कलम ३ बंदूक व काडतुसे बाळगण्याच्या परवान्याचे आणि कलम ५ बनवणे, विकणे, दुरुस्त करणे, तपासणे यांच्या परवान्याचे. तुमच्याजवळचा परवाना पहिल्या प्रकारचा असतो, त्यावर घरी काडतूस भरता येत नाही. पुंगळ्यांचे म्हणाल तर मुलाला आजच फोन करून नको म्हणून सांगा. एवढेच नव्हे, तर रेंजवर नेलेली पिशवी प्रवासाला वापरू नकोस, असेही सांगा. पिशवीच्या शिवणीत राहून गेलेले एखादे जिवंत काडतूस विमानतळाच्या क्ष-किरण यंत्रात दिसते आणि माणूस पोलीस ठाण्यात जातो. ताबा जाणीवपूर्वक होता की नव्हता, हा युक्तिवाद न्यायालयात होतो आणि टिकतोही, पण तोवर दिवाळी उलटून गेलेली असते.

प्रश्न : यजमानांनी नव्या रायफलीबरोबर काडतुसे भरण्याचा नाद घेतला आहे. दारूचे डबे गॅरेजमध्ये आहेत, आणि प्रायमर त्यांनी लोणच्याच्या काचेच्या रिकाम्या बरणीत ओतून ठेवले आहेत, दिसायला बरे म्हणून. घरात सात वर्षांचा नातू येतो-जातो. मी उगाच काळजी करते आहे का? (ओहायोतून एक वाचक)

उत्तर : काकू, उगाच नाही. दारूपेक्षा मला त्या बरणीची काळजी वाटते. धूरविरहित दारू उघड्यावर पेटली तर भसकन जळते. तिला मूळ डब्यात, उन्हापासून आणि गॅरेजच्या उष्णतेपासून दूर, कुलपात ठेवले की पुरते. घरगुती साठ्यासाठी मूळ डब्यांत २० पौंड दारू आणि दहा हजार प्रायमर अशी मर्यादा तिथल्या अग्निसुरक्षेच्या प्रचलित संहितेत आहे, तुमच्या गावचे नियम त्याहून कडक असू शकतात. प्रायमर मात्र टोला बसताच फुटण्यासाठीच बनवलेला असतो. कंपनी तो प्लास्टिकच्या तबकात प्रत्येकाला वेगळे घर करून देते, म्हणजे एक फुटला तरी शेजारचा वाचावा. बरणीत ते एकमेकांना खेटून असतात, एक फुटला की सगळे एकदम फुटतात, आणि वर काचेचे तुकडे उडतात. तुम्ही स्वतः बरणी उचलू नका, हलवू नका, नातवाला त्या खोलीत जाऊ देऊ नका. यजमानांनी डोळ्यांवर संरक्षक चष्मा लावून ते चिमूट-चिमूट करून रिकाम्या तबकांत पुन्हा मांडावेत. तबके टाकून दिली असतील किंवा बरणी निम्म्याहून जास्त भरलेली असेल, तर अग्निशमन दलाच्या साध्या, आणीबाणीच्या नसलेल्या क्रमांकावर फोन करून काय करावे ते विचारावे.